तंबोऱ्याचा माइक

आमच्या केंद्रावर कांद्याचे भाव नसतात,
जाहिरात नसते, भविष्य नसतं.
दिवसाचे अठरा तास नुसते राग
आणि दोन रागांच्या मधे पेठेबाईंची एक ओळ:
आपण ऐकत होता.

गंगापूर रोडच्या त्या पिवळ्या इमारतीत
एकवीस वर्षं मी काचेच्या अलीकडे बसते.
पलीकडे गाणारे.
माझ्या बोटांखाली सहा पट्ट्या:
गळा, तबला, पेटी,
एक रिकामी, एक कायमची बिघडलेली,
आणि शेवटची तंबोऱ्याची.
ती खाली ठेवायची. बिडकरसाहेबांनी
पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
तंबोरा असावा, दिसू नये,
वरणातल्या हिंगासारखा.

पत्रं येतात.
देवळाली कॅम्पातले एक कर्नल दर सोमवारी
घड्याळ लावून तक्रार करतात.
नोटप्रेसच्या रात्रपाळीतला कुणी दरबारी मागतो,
खाली लिहितो, मिळाल्यास आभारी, न मिळाल्यासही.
त्या गठ्ठ्यात एकदा पोस्टकार्ड, तांबट आळीचं.
अक्षर ठोके देऊन उठवल्यासारखं.

"पन्नास वर्षं हंडे, घागरी ठोकल्या.
कान त्यातच गेले.
गाणं आता येत नाही. सांगणाऱ्या बाईही येत नाहीत.
लाकडी पेटीचा रेडिओ मांडीवर घेतो,
जाळीवर तळवा ठेवतो.
तळव्याला तंबोरा लागतो. त्यातही खर्ज.
परवा सांजेला पहिल्या तारेवर पंचम नव्हता.
मनात म्हटलं, मारवा नाहीतर पूरिया.
नातवाने पाटीवर लिहून दाखवलं, मारवा.
बाई षड्ज चुकवत चुकवत गात असणार.
मला तर तेवढाच मिळत होता.
तरी तो जरा वर घ्यावा ही विनंती.
आपला, दामोदर निजामपूरकर."

कार्ड मी फाइलला लावलं नाही.
पर्समध्ये राहिलं, बसच्या पासाला चिकटून.

त्या रात्री स्टुडिओ रिकामा झाल्यावर
परवाचा मारवा पुन्हा लावला.
कानांत कापूस कोंबला, स्पीकरवर हात ठेवला.
आधी काहीच नाही.
मग दूध तापायला लागताना
पातेल्याच्या कडेला येते तेवढी थरथर.
बाकी सगळं, बाईंची सोळा वर्षांची तालीम, त्या ताना,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यांसारखं
तळव्याच्या वरच्या गल्लीतून निघून गेलं.

तेव्हापासून शेवटची पट्टी दोन रेघा वर.
नोंदवहीत लिहीत नाही.

येवल्याच्या माधवी क्षत्रिय आल्या होत्या,
ध्वनिमुद्रण ऐकताना कपाळाला आठी.
"तंबोरा जास्त नाही ना होत?"
मी म्हटलं, "नाशिकची थंडी. डिसेंबरात लाकूड बोलतं."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जवारीचा दोरा केसभर सरकवला
आणि पुन्हा गायल्या.
या खेपेला रिषभावर जास्त थांबल्या,
उंबऱ्यापाशी चपला काढूनही
आत न येणाऱ्या माणसासारख्या.

दुसरं कार्ड आलं नाही.
एकदा भद्रकालीकडून येताना मुद्दाम आळीतून गेले.
स्टीलची दुकानं झालीत बरीच.
चार-पाच ठिकाणी मात्र ठोकत होते, बेताल,
प्रत्येकाची लय स्वतःच्या भांड्यापुरती.
कुणाला विचारलं नाही.
विचारून कळलं असतं तर
पट्टीवरचा हात शहाणा झाला असता.

शनिवारची बैठक थेट असते.
अकरा अठ्ठावन्नला सगळं एकदम उतरवायचं, असा नियम.
मी गळा उतरवते, पेटी उतरवते, तबला.
शेवटची पट्टी सात सेकंद तशीच.

परवा कर्नलांचं पत्र आलं:
कार्यक्रम सात सेकंद उशिरा संपतो आहे.

ते मात्र मी फाइलला लावलं.